आमच्या चिठ्ठ्या परत लावू द्या: शालेय ग्रंथालय समितीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
शालेय ग्रंथालय समिती

विषय: विद्यार्थ्यांनी सुचवलेल्या कादंबऱ्यांचा फलक व कपाट हटवण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

ग्रंथालयाच्या दाराजवळचा फलक आणि त्याखालचं छोटं कपाट समितीने या सत्राच्या सुरुवातीला काढून टाकलं. ‘मित्रांनी सुचवलेल्या कादंबऱ्या’ अशी त्यावर पाटी होती. आता तिथे एक सूचना लावलेली आहे. यापुढे कुणाला कादंबरी सुचवायची असेल तर विहित नमुना भरायचा, भाषा शिक्षकांकडून तो तपासून घ्यायचा, समितीने मान्य केलेल्या यादीतलंच पुस्तक निवडायचं, आणि उत्तम शिफारशींना गुण मिळणार. हा निर्णय घेण्याआधी आम्हाला कुणी काही विचारलं नाही. ग्रंथपाल मॅडमना विचारलं होतं का, ते मला माहीत नाही. त्या आमच्यासमोर यावर बोललेल्या नाहीत आणि मी त्यांना या पत्रात ओढणार नाही.

पत्र समितीला आहे, तरी मी ते सगळ्यांसमोर ठेवते आहे. मुलं वाचत नाहीत अशी काळजी सगळीकडे ऐकू येते, आणि मुलांनी एकमेकांना पुस्तक सुचवण्याची जागा मात्र अशीच गुपचूप बंद होते. ही काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. ब्रिटनमधल्या ‘नॅशनल लिटरसी ट्रस्ट’च्या 2024 च्या पाहणीत 8 ते 18 वयाच्या मुलांपैकी फक्त 34.6 टक्के मुलांनी फावल्या वेळात वाचायला आवडतं असं सांगितलं. 2005 पासून त्यांनी ही पाहणी सुरू केली, तेव्हापासूनचा हा सर्वांत खालचा आकडा होता. असं असताना ज्या कोपऱ्यात मुलं आपणहून थांबत होती, तोच कोपरा रिकामा करणं मला समजू शकत नाही.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. आठवीपर्यंत मी कादंबरी वाचत नव्हते. मोठ्यांनी हातात दिलेली पुस्तकं चांगलीच होती, पण देताना सगळे एकच वाक्य म्हणायचे, ‘वाच, तुला उपयोग होईल.’ मी ती दोन-चार दिवस दप्तरात वागवायचे आणि परत करायचे. मग फलकावर वर्गातल्या एका मुलीची चिठ्ठी वाचली. तिने लिहिलं होतं की या कादंबरीची पहिली चाळीस पानं कंटाळवाणी आहेत, नावं लक्षात राहत नाहीत, पण भाऊ घर सोडून जातो तिथपर्यंत पोच आणि मग मला सांग. कंटाळवाणी आहेत हे तिने आधीच कबूल केलं होतं, म्हणून पुढच्या वाक्यावर माझा विश्वास बसला. पहिल्या चाळीस पानांत मी खरोखरच कंटाळले. तिने सांगितलं होतं म्हणून थांबले नाही. त्यानंतर मी वाचत आले आहे, आणि माझ्या वाचनातल्या बहुतेक कादंबऱ्या माझ्याच वयाच्या कुणीतरी सुचवलेल्या आहेत.

त्या कपाटाचं काम कसं चालायचं, हे समितीतल्या किती जणांनी पाहिलं असेल याची मला शंका आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. देवघेवीच्या टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या असायच्या. कादंबरी वाचून झाली की ज्याला वाटेल त्याने चिठ्ठी लिहायची आणि पुस्तक त्या कपाटात ठेवायचं. नियम आम्हीच ठरवले होते. शेवट सांगायचा नाही. ‘छान’, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ एवढंच लिहून सोडायचं नाही, काय छान ते लिहायचं. आणि ही कादंबरी कुणासाठी आहे ते सांगायचं. हा शेवटचा नियम सगळ्यांत कामाचा होता. ‘ज्याला सगळे भित्रा म्हणतात त्याच्यासाठी.’ ‘शाळा बदललेल्यांसाठी.’ ‘ज्यांना युद्धाच्या गोष्टी आवडत नाहीत त्यांनी ही एकच वाचावी.’ कुठल्याही सूचीत असे विभाग सापडणार नाहीत. सूचीत कादंबरी लेखकाच्या नावाखाली मिळते, फार तर विषयाखाली. आपण कोणत्या मनःस्थितीत आहोत त्याखाली ती कुणी लावत नाही.

चिठ्ठीखाली इतरांनी उत्तरं लिहायची, तीही मोकळेपणाने. ‘मला नाही आवडली, नायक फारच शहाणा आहे.’ त्याखाली तिसऱ्याचं, ‘शहाणा नाही, घाबरलेला आहे, बारावं प्रकरण परत वाच.’ समितीच्या सूचनेत याला ‘अनावश्यक वाद’ म्हटलं आहे. मला तो फलकावरचा सर्वांत मोलाचा भाग वाटायचा. बारावं प्रकरण परत वाचायला सांगणारा मुलगा परीक्षेत उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं एका ओळीत उरकतो, हे मला माहीत आहे. इथे त्याला कुणी लिहायला लावलं नव्हतं, तरी पात्राच्या बाजूने पुरावा शोधायला तो पुन्हा पुस्तकात गेला. साहित्य शिकवण्याचा हेतू हाच असतो ना?

आता तक्रारींकडे येते.

पहिली तक्रार नमुन्याची. त्यात पुस्तकाचं नाव, लेखक, पृष्ठसंख्या, थोडक्यात कथानक आणि शेवटी ‘मिळालेला बोध’ असे रकाने आहेत. कथानकाच्या रकान्यात शेवट लिहावाच लागतो, कारण तिथे ‘आरंभ, मध्य, शेवट’ असं छापलेलंच आहे. म्हणजे जे सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, ते आता सक्तीचं झालं. आणि बोध! मी नमुना भरून पाहिला. ज्या कादंबरीने मला आठवडाभर अस्वस्थ केलं, तिच्यासमोर मी ‘संकटात धीर सोडू नये’ असं लिहिलं आणि मला स्वतःचाच राग आला. त्या कादंबरीतली मुलगी धीर सोडते. तिने धीर सोडला म्हणूनच ती मला जवळची वाटली. हे कोणत्या रकान्यात लिहायचं? मैत्रिणीला पुस्तक देताना मी तिला बोध सांगत नाही. मला कुठे थांबावंसं वाटलं, कुठे पान उलटायची भीती वाटली, कोणतं पात्र अजून डोक्यातून जात नाही, ते सांगते. तेवढं ऐकून तिला पुस्तक हवंसं वाटतं.

दुसरी तक्रार तपासणीची. सूचनेत म्हटलं आहे की चिठ्ठ्यांमध्ये शुद्धलेखनाच्या चुका होत्या आणि त्यामुळे भाषेचा दर्जा घसरतो. चुका होत्या, हे खरं आहे. पण इथे मला इंग्लंडमधली एक घटना सांगितलीच पाहिजे. 1936 मध्ये स्टॅन्ली अन्विन या प्रकाशकाकडे एका प्राध्यापकाचं हस्तलिखित आलं. मुलांच्या पुस्तकाची पारख मुलांनाच चांगली असते असं अन्विन मानत, म्हणून त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं. रेनरने छोटा अभिप्राय लिहिला, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना पुस्तक आवडेल असं सांगितलं, आणि त्या कामाचा एक शिलिंग त्याला मिळाला. 1937 च्या सप्टेंबरमध्ये ते पुस्तक, म्हणजे टोल्कीन यांची ‘द हॉबिट’ ही कादंबरी, प्रसिद्ध झालं. पहिली आवृत्ती 1500 प्रतींची होती आणि ती डिसेंबरपर्यंत संपली. रेनरच्या त्या अभिप्रायात स्पेलिंगची चूक आहे. वडिलांनी तो आधी शिक्षकाकडून तपासून आणायला सांगितला नाही. मुलाला गोष्ट कळली का आणि ती दुसऱ्या मुलांना आवडेल असं त्याला वाटतं का, एवढंच त्यांनी पाहिलं.

भाषा शिक्षकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. ज्याला चूक दुरुस्त करून हवी आहे तो त्यांच्याकडे जाईलच, आम्ही जातोही. पण तपासणी सक्तीची झाली की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे उशीर. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा नमुना परत यायला इतके दिवस लागले की तोवर तो दुसरी कादंबरी वाचत होता आणि पहिलीबद्दल बोलण्याची त्याची ओढ संपली होती. सुचवण्याची ऊर्मी पुस्तक मिटल्या मिटल्या असते, महिन्याने नसते. दुसरी गोष्ट अधिक वाईट आहे. ज्यांना शुद्ध लिहिता येत नाही, ती मुलं लिहिणंच थांबवतात. नव्या पद्धतीत ज्यांचे नमुने लागले आहेत त्यांत नेहमीची हुशार नावं दिसतात. फलकावर पूर्वी मागच्या बाकावरची मुलं लिहायची, आणि मागच्या बाकावरची मुलं त्यांचंच ऐकायची. तो धागा तुटला आहे.

तिसरी तक्रार यादीची. मान्य यादी कुणी केली, कोणत्या निकषावर केली, हे कुठेही लिहिलेलं नाही. आमच्या कपाटातल्या कोणत्या कादंबऱ्या तिच्यात नाहीत, हे मी ताडून पाहिलं. ज्यांत आईवडील वेगळे होतात, ज्यांत एखाद्या मुलाचा मृत्यू होतो, ज्यांत पंधरा-सोळा वर्षांची मुलं प्रेमात पडतात, त्या बहुतेक सगळ्या गळल्या आहेत. विचारल्यावर ‘वयाला साजेशा नाहीत’ असं तोंडी उत्तर मिळालं. मी इथे न्यायाने बोलू इच्छिते. पाचवीतल्या मुलाच्या हाती काहीही द्यावं असं माझं म्हणणं नाही, आणि मोठ्यांना जपून राहावंसं वाटतं यात काही गैर नाही. पण आम्हीही जपत होतो. कपाटातल्या चिठ्ठ्यांवर वरच्या कोपऱ्यात आम्ही लिहायचो: ‘यात कुत्रा मरतो.’ ‘यात मारहाण आहे, सातवं प्रकरण.’ ‘ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलं असेल त्याने थोडं थांबून वाचावं.’ ही काळजी आम्हाला कुणी शिकवली नव्हती. ती मान्य यादीत नाही. यादी एवढंच सांगते की हे पुस्तक आहे किंवा नाही. ज्याच्या घरात दुःख आहे त्याला तशाच दुःखाची गोष्ट कधी नको असते आणि कधी फक्त तीच हवी असते. आज यांपैकी काय, हे शेजारी बसणाऱ्या मित्राला कळतं.

चौथी तक्रार गुणांची, आणि मला तीच सर्वांत गंभीर वाटते. समितीचा हेतू उत्तेजनाचा असेल, मी तो मान्य करते. परिणाम असा झाला आहे की मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा नमुन्यात उतरतो आहे. न वाचलेल्या कादंबरीची शिफारस करणं पूर्वी कुणाच्या डोक्यातही आलं नसतं, कारण त्यातून मिळण्यासारखं काही नव्हतं. मित्राने सुचवलेल्या पुस्तकावर आपण विश्वास का ठेवतो? ते मला आवडलं तर त्याला आनंद होतो, यापलीकडे त्याचा काही फायदा नसतो म्हणून. फायदा आला की वाचणाऱ्याला संशय येतो. फोनवर येणाऱ्या पुस्तकांच्या छोट्या व्हिडिओंबद्दल आम्ही मुलं आता हेच बोलतो. ते बघून मीही चांगल्या कादंबऱ्यांपर्यंत पोचले आहे, तो मार्ग वाईट नाही. पण तिथे सगळ्यांना तीच ती पुस्तकं दिसत राहतात आणि कोणतं कौतुक पैसे घेऊन केलेलं आहे ते ओळखता येत नाही. फलकावर ती शंका कधी आली नव्हती.

स्पर्धा हवीच असेल तर तिचाही चांगला नमुना उपलब्ध आहे. जपानमध्ये क्योतो विद्यापीठात 2007 मध्ये तानिगुची तादाहिरो यांनी ‘बिब्लिओबॅटल’ नावाचा खेळ सुरू केला. प्रत्येकाने आपल्याला आवडलेलं पुस्तक घेऊन यायचं, त्यावर पाच मिनिटं बोलायचं, मग दोन-तीन मिनिटं प्रश्नोत्तरं. शेवटी सगळ्यांनी एकाच प्रश्नावर मत द्यायचं: यातलं कोणतं पुस्तक सर्वांत जास्त वाचावंसं वाटलं? जिंकतं ते पुस्तक. बोलणाऱ्याच्या वक्तृत्वाला गुण नाहीत, पाठांतराला नाहीत. हा खेळ तिथल्या शाळांमध्ये आणि ग्रंथालयांमध्ये पसरला. त्याच देशात 1988 मध्ये एका हायस्कूलमध्ये सकाळचं दहा मिनिटांचं वाचन सुरू झालं आणि पुढे हजारो शाळांनी ते उचललं. त्याचे नियम चारच आहेत: सगळ्यांनी वाचायचं, रोज वाचायचं, आपल्याला आवडेल ते वाचायचं, आणि फक्त वाचायचं. चौथ्या नियमाचा अर्थ असा की नंतर अहवाल मागायचा नाही.

‘मुलांना चांगलं काय ते कळत नाही,’ हे वाक्य समितीतल्या एका सदस्यांनी आमच्यासमोर उच्चारलं. त्यावर मला वाद घालायचा नाही, एक उदाहरण पुढे ठेवायचं आहे. फ्रान्समध्ये 1988 पासून मोठ्यांच्या ‘गोंकूर’ या नावाजलेल्या साहित्य पुरस्काराबरोबर विद्यार्थ्यांचा वेगळा गोंकूर दिला जातो. सुमारे दोन हजार विद्यार्थी मोठ्यांच्या पुरस्कारासाठी निवडलेल्या कादंबऱ्या साधारण दोन महिन्यांत वाचतात, त्यांवर वर्गात वाद घालतात, आपले प्रतिनिधी निवडतात आणि एक कादंबरी ठरवतात. त्यांची निवड पुष्कळदा मोठ्यांच्या निवडीपेक्षा वेगळी असते, आणि ती कादंबरी मोठे लोक विकत घेऊन वाचतात. तिथे कुणी मुलांना मान्य यादीतून सोप्या कादंबऱ्या काढून देत नाही. अख्खी यादी त्यांच्यापुढे असते.

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडले, हे समितीला मी सांगण्याची गरज नाही. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं हा दुसरा, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हा तिसरा. तिसरा नियम मला फार आवडतो, कारण त्यात पुस्तकाच्या बाजूने विचार आहे. आमच्या ग्रंथालयात काही कादंबऱ्या अशा होत्या की त्यांच्या मागच्या तारीखपत्रावर वर्षानुवर्षं शिक्का पडला नव्हता. कुणीतरी एकाने त्यातली एक चुकून नेली, चिठ्ठी लिहिली, आणि नंतर तिच्यासाठी प्रतीक्षायादी लागली. पुस्तक तेच होतं, कपाटातली जागा बदलली होती आणि त्यावर एका मुलाचे चार शब्द होते. समितीने देवघेवीची नोंदवही काढून फलक असतानाची आणि फलक गेल्यानंतरची पानं शेजारी ठेवून बघावीत. मी आकडा सांगत नाही, नोंदवही समितीकडे आहे.

आणि हे केवळ आवडीनिवडीचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतलं बारावं कलम सांगतं की मुलावर परिणाम करणाऱ्या बाबतीत त्याचं मत ऐकलं गेलं पाहिजे. तेरावं कलम सांगतं की माहिती आणि विचार मिळवण्याचं, आणि ते दुसऱ्यापर्यंत पोचवण्याचंही, स्वातंत्र्य मुलाला आहे. छापील स्वरूपात असोत वा तोंडी. आवडलेली कादंबरी वर्गमित्राला सुचवणं त्यात बसतं असं मला वाटतं. निदान निर्णय घेण्यापूर्वी एकदा आमच्याशी बोलायला हवं होतं.

आमच्या मागण्या अशा आहेत.

फलक आणि कपाट पूर्वीच्या जागी, दाराजवळ, परत ठेवावं. आत कोपऱ्यात ठेवलं तर ते वापरलं जाणार नाही.

विहित नमुना ऐच्छिक करावा, आणि ‘मिळालेला बोध’ हा रकाना त्यातूनही काढून टाकावा.

शिफारशींना गुण, प्रमाणपत्र, वर्गवार उद्दिष्ट, यातलं काहीही जोडू नये.

एखादी कादंबरी द्यायची नसेल तर तिचं नाव, कोणत्या इयत्तेपर्यंत द्यायची नाही आणि कारण, हे लेखी लावावं. ज्याने ती सुचवली आहे त्याला समितीसमोर पाच मिनिटं बोलू द्यावं. त्यानंतर समितीने नाही म्हटलं तर आम्ही ते पाळू.

नव्या कादंबऱ्यांची खरेदी ठरते त्या बैठकीत दोन विद्यार्थी बसावेत. ते कोण, हे गुणपत्रिका पाहून ठरवू नये. देवघेवीच्या नोंदवहीत ज्यांची नावं सतत दिसतात त्यांतून निवडावेत, आणि दरवर्षी बदलावेत.

चिठ्ठ्यांवर लक्ष ठेवायला कुणी हवं असेल तर ग्रंथपाल मॅडम आहेत. कुणाची बदनामी करणारी किंवा शिवीगाळ असलेली चिठ्ठी त्या पूर्वीही काढत असत आणि त्यावर आमची कधीच हरकत नव्हती.

समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि उत्तर लेखी द्यावं, ही विनंती. बैठकीला यायची आमची तयारी आहे. तोवर एक गोष्ट ताबडतोब करता येईल. फलकावरून काढलेल्या जुन्या चिठ्ठ्या कुठे ठेवल्या आहेत ते कळवावं आणि त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांतल्या काही चिठ्ठ्या शाळा सोडून गेलेल्या मुलांनी लिहिलेल्या आहेत, त्या पुन्हा लिहून मिळणार नाहीत. मधल्या सुट्टीत सांगितलं तरी आम्ही येऊन त्या घेऊन जाऊ.

आपली नम्र,
अकरावीतली एक वाचक
(ग्रंथालयात नियमित येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वतीने)